कासवाची शेपूट

अस्वलाचं नाक घशात सरळ आत गेलं. तिने कार्डावर लाल पेनाने 'नापास' लिहिलं आणि अस्वल पालथं करून ठेवलं. बिननाकाच्या अस्वलाच्या तोंडाकडे तिला बघवत नसे.

घसा म्हणजे बोटभर उंचीची धातूची नळी, लहान मुलाच्या घशाएवढीच रुंद. खेळण्याचा सुटलेला तुकडा तिच्यात पुरता मावला, की खेळणं बाद. खेळण्यांच्या कारखान्यात तळमजल्यावरच्या तपासणी खोलीत ती चार वर्षं हेच करत होती. कुणी जीव ओतून ससे, हत्ती, रेलगाड्या बनवायचं आणि हिने त्यांवर लाल अक्षरं उमटवायची.

जुना झालेला एक घसा तिच्या पर्समध्येही असे. तिची लेक छोटी रांगायला लागल्यापासून घरातली बटणं, पेनांची टोपणं, रिमोटचे सेल, बाटल्यांची झाकणं, सगळं एकदा तरी त्यातून जाऊन आलेलं होतं.

"उद्या माझी कवळीसुद्धा टाकशील त्यात," सासूबाई एकदा म्हणाल्या.

"टाकून पाहिली, आई. नाही मावत."

त्यानंतर सासूबाईंनी कवळी तीनदा धुतली आणि चार दिवस सुनेशी मोजकंच बोलल्या.

आज पर्समध्ये घशाच्या शेजारी रुमालात गुंडाळलेलं एक कासव होतं. लाकडी, दोरीने ओढायचं, चालताना मान वरखाली करणारं. छोटी झोपली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तीन महिने तिने ते घासलं, रंगवलं होतं. वरच्या मजल्यावर खेळणी बनवणाऱ्या विभागात एक जागा रिकामी झाली होती. दुपारी तीनला तिथल्या मुख्य बाई उमेदवारांचे नमुने बघणार होत्या. सगळे त्यांना 'वरच्या बाई' म्हणत. कॉलेजात असल्यापासून तिला काहीतरी बनवायचं होतं. लोकांनी बनवलेलं मोडून बघायचं नव्हतं.

त्याआधी मात्र साहेबांनी बाहेरून बोलावलेल्या प्रशिक्षकाचं व्याख्यान होतं. कँटीनमधली टेबलं भिंतीला सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. प्रशिक्षक टापटीप होता आणि मार्कर माइकसारखा धरून बोलत होता.

"जपानमध्ये याला इकिगाई म्हणतात. सकाळी अंथरुणातून उठायचं कारण. प्रत्येकाला असतं, फक्त सापडावं लागतं."

मग चार वर्तुळं काढायची होती, एकमेकांवर थोडी चढलेली. एकात आपल्याला काय आवडतं, दुसऱ्यात काय जमतं, तिसऱ्यात जगाला काय हवंय, चौथ्यात लोक आपल्याला कशाचे पैसे देतील. चारही एकत्र येतात तो मधला भाग म्हणजे इकिगाई.

"जपानी लोकांना हे ठाऊक आहे का?" शेजारून ओढकाकांनी हळूच विचारलं. खेळण्यांचे डोळे, कान, चाकं ठरावीक जोराने ओढून बघायचं यंत्र त्यांच्याकडे होतं, म्हणून ते ओढकाका. त्यांच्या दोन वर्तुळांत 'ओढणे' होतं, एकात 'ओढणारा माणूस', एकात 'पगार'. मधे त्यांनी 'निवृत्ती' लिहून खाली रेघ मारली होती.

तिच्याकडे गोल काढायला काही नव्हतं. पर्समधला घसा काढून तिने कागदावर ठेवला आणि त्याच्या कडेने पेन्सिल चार वेळा फिरवली. वर्तुळं सुबक आली. ती मधल्या भागाकडे बघत राहिली. एवढासा तुकडा. हा तर घशात सहज जाईल.

"ताई, तुम्ही," प्रशिक्षक तिच्यापाशी थांबला. "सकाळी कशासाठी उठता?"

"छोटी रडते म्हणून."

मागे कुणीतरी खुदकन हसलं.

"ते झालं वरवरचं. जरा खोल जा."

तिने प्रामाणिकपणे विचार केला. "तिला भूक लागलेली असते."

प्रशिक्षकाने मान डोलावली आणि पुढच्या खुर्चीकडे वळला.

वर न्यायच्या नमुन्याला तळमजल्याची चिठ्ठी लागे. आपलंच खेळणं आपण तपासायचं नाही, म्हणून जेवणाच्या सुट्टीनंतर तिने कासव ओढकाकांच्या हवाली केलं आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"हलक्या हाताने ओढू का?" काकांनी विचारलं. "कोण बघतंय?"

"नको काका. नेहमीसारखंच."

काकांनी मान ओढली, चारही पाय ओढले, शेपूट ओढली. मग कासव कमरेइतक्या उंचीवरून दहा वेळा फरशीवर टाकलं. प्रत्येक वेळी तिने डोळे मिटले. काहीही सुटलं नाही. काकांनी चिठ्ठीवर निळ्या पेनाने 'पास' लिहून तिच्या हातात दिली.

"आता तोंड का एवढंसं झालंय?"

"काही नाही."

वरच्या मजल्यावर दाराबाहेर एक बाक होता. ती त्यावर बसली. मांडीवर कासव, कासवाखाली वर्तुळांचा कागद. तीनला पाच मिनिटं कमी होती. चिठ्ठी तिने दोनदा वाचली. पास. मान हलत होती, रंग कुठे उडाला नव्हता. काळजीचं कारण नव्हतं.

फक्त छोटी खेळणी ओढत नाही. छोटी चावते. दाढेत धरते, मान एका बाजूला करते आणि पिरगाळते. गेल्याच आठवड्यात तिने पलंगाच्या कठड्याचा पापुद्रा काढला होता. शेपूट सरळ ओढली तर निघत नाही, कबूल. पण तिरकी?

तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. बाहेर कुणी नव्हतं. आजच्या दिवसापुरतं तरी गप्प बस, असं तिने स्वतःला बजावलं. चिठ्ठी पर्समध्ये ठेवली, पर्सची चेन लावली. मग कासव उचललं, शेपूट दाढेत धरली आणि मान एका बाजूला केली.

कट्.

नेमकं त्याच वेळी दार उघडलं.

"या, तुम्हीच ना पुढच्या?" वरच्या बाई चष्मा कपाळावर सरकवून तिच्याकडे बघत होत्या. बोलायला तोंड रिकामं नव्हतं, म्हणून तिने मान हलवली.

"काय झालं?"

तिने शेपूट तळहातावर काढून घेतली. रुमालाला पुसली. हे सांगितलंच पाहिजे असं नव्हतं. शेपूट आत्ताही मुठीत लपली असती, बिनशेपटीचं कासवही दिसायला काही वाईट नव्हतं. तिने पर्समधला घसा काढून बाकावर ठेवला आणि शेपूट त्यात सोडली. ती टणकन तळाशी गेली.

"नापास," ती म्हणाली.

बाईंनी वाकून घशात पाहिलं. मग तिच्या मांडीवरच्या कागदाकडे पाहिलं. चारही वर्तुळं कोरी होती.

"खालून तपासून आणलं नव्हतं का?"

"आणलं होतं. चिठ्ठी आहे."

"मग चावलं कशाला?"

"घरी लहान मुलगी आहे. ती चावते."

"ओढत नाही?"

"नाही. चावते आणि पिरगाळते. तिरकं."

कासवाची दोरी बोटाला गुंडाळून बाईंनी ते बाकावरून दोन वीत चालवून पाहिलं. कासवाने मान वरखाली केली. मग त्या आत गेल्या. दार उघडंच होतं.

ती सामान आवरू लागली. घशातून शेपूट काढून कागदात ठेवली, कागदाची पुडी केली. खाली जाऊन काकांना काय सांगायचं, हे जुळवत ती उठली, तोच बाई परत आल्या. हातात पिवळा लाकडी जिराफ होता, येत्या हंगामात दुकानांत जायचा. पेट्यांवर त्याचंच चित्र छापून झालं होतं.

"बसा," बाईंनी जिराफ तिच्यापुढे धरला. "शिंगं."

तिने जिराफ हातात घेतला. खालून, वरून, एका डोळ्याने बघितला.

"चावू?"

"तुमची मुलगी चावते तसं."

तिने पर्स खाली ठेवली, पदर खोचला, जिराफाचं डावं शिंग दाढेखाली धरलं आणि मान एका बाजूला केली.

कट्.

वरच्या बाईंनी डोळे मिटले. मग बाकावरचा घसा स्वतःच उचलून तिच्यापुढे केला आणि आत वळून कुणालातरी सांगितलं,

"हत्ती आणा. आणि पाण्याचा पेला."