एकतिसावा चौकोन

तक्ताताईला आईवडिलांनी चारचौघांत सांगण्यासारखं नाव ठेवलं होतं, पण ते आता फक्त बँकेच्या पासबुकावर उरलं होतं. दिवसा ती एका शाळेच्या ऑफिसात वेळापत्रकं बनवायची. बावीस शिक्षक, अठरा वर्ग आणि जेवणानंतरचा तास दिला की वर्गाच्या आधी स्वतःच झोपणारे एक गणिताचे सर, हे सगळं एका कागदावर बसवायचं. उरलेल्या वेळात ती व्हिडिओ गेमच्या स्पर्धा भरवायची आणि तिच्या मते ते काम जास्त जोखमीचं होतं. शाळेत तास चुकला तर मुलं खूश होतात. स्पर्धेत सामना चुकला तर सोळा माणसं अंगावर येतात.

हे तिला अनुभवाने माहीत होतं. गेल्या वर्षी क्लबच्या अध्यक्षांनी आपल्या पुतण्याला थेट उपांत्य फेरीत बसवलं होतं. हॉल त्यांचा, कप त्यांचा, त्यामुळे तक्ताताई गप्प बसली. पुतण्या बारा सेकंदांत हरला, पण ते बारा सेकंद लोकांच्या लक्षात राहिले. पुढच्या वेळी नावं नोंदवायला तिघेच आले आणि त्यातला एक पत्ता चुकून आला होता.

म्हणून या वर्षी तिने नियम लिहून काढले. एकूण चौदा. सोळाही खेळाडूंकडून खाली सह्या घेतल्या. मग वॉलपेपरच्या उरलेल्या गुंडाळीच्या मागच्या बाजूवर अडीच मीटर लांबीचा तक्ता काढला आणि हॉलच्या भिंतीवर चिकटवला. वरती न हरलेल्यांची रांग, खालती एकदा हरलेल्यांची. एकदा हरलात तर खाली या, दोनदा हरलात तर घरी जा. शेवटी वरच्या रांगेतून एक उरतो, खालच्या रांगेतून एक उरतो आणि दोघे समोरासमोर बसतात. वरचा तोवर एकदाही हरलेला नसतो, म्हणून त्याला हरवायचं तर दोनदा हरवावं लागतं. खालच्याने पहिला सामना मारला की दोघांची एकेक हार झाली. मग आणखी एक सामना, आणि तो शेवटचा.

तीस सामन्यांचे तीस चौकोन तिने ठळक रेषेत काढले होते. एकतिसावा तुटक रेषेत.

"हा पुसट का?" सकाळी उद्घाटनाला आलेल्या अध्यक्षांनी विचारलं होतं.

"लागला तर लागेल, म्हणून."

"मग खोडून टाका. उगाच घाण दिसते."

तिने खोडला नाही.

आता दुपारचे चार वाजत होते आणि तो चौकोन लागला होता. पंचाईत एवढीच होती, की तो लावणारे तिचे बाबा होते.

बाबा वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. ऐन नोकरीत असताना त्यांनी सख्ख्या मेहुण्याच्या दुकानातल्या काट्याला सील ठोकलं होतं, कारण तो किलोमागे चार ग्रॅम खात होता. मामा पुढची नऊ वर्षं त्यांच्याशी बोलला नाही. बाबांच्या म्हणण्यानुसार ती घरातली सर्वांत शांततेची वर्षं होती. निवृत्तीनंतर त्यांनी हा मारामारीचा गेम धरला. त्यातला सर्वांत मंद पैलवान निवडून ते एकच लाथ मारायचे, तीच तीच, सरकारी शिक्का मारावा तशी. पहिल्याच फेरीत समोरच्या सलूनवाल्याने त्यांना खाली पाठवलं. मग खालच्या रांगेत त्यांनी एकापाठोपाठ सहा जणांना लोळवलं, त्यात तो सलूनवालाही होता. अंतिम सामन्यात त्यांच्यासमोर आली दाताची डॉक्टर. चेहऱ्यावरची माशी न हलवता ती सकाळपासून एकही सामना हरली नव्हती. बाबांनी तिला पाच डावांपैकी तीन डावांत हरवलं.

लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. तक्ताताई तक्त्यावर निकाल लिहून वळते तोवर अध्यक्ष मंचावर चढून बाबांच्या हातात कप देऊन मोकळे झाले होते. सव्वाचारला त्यांना दुसरीकडे आणखी एक कप द्यायचा होता. फोटो निघाला. आईने मामाला फोन लावला आणि "तुझे दाजी पहिले आले" असं तीन वेळा सांगितलं, कारण मामा दोनदा "कशात?" म्हणाला.

फक्त डॉक्टर जागची उठली नव्हती. कंट्रोलर हातात धरून ती खुर्चीत बसून होती. तक्रार नाही, रडणं नाही. नियम वाचलेलं माणूस जसं बसेल तशी. मागे उभ्या चौदा खेळाडूंपैकी काहींनी तिच्याकडे पाहिलं, मग तक्त्याकडे, आणि मग तक्ताताईकडे. गेल्या वर्षी त्या बारा सेकंदांनंतर त्यांनी असंच पाहिलं होतं.

तक्ताताई मंचावर गेली. बाबा रुमालाने कपावरचे बोटांचे ठसे पुसत होते. शाळेत, नोकरीत, गल्लीत त्यांना कधी कप मिळाला नव्हता. एकदा पेला मिळाला होता, तो उत्तेजनार्थ.

"बाबा, कप खाली ठेवा. एक सामना बाकी आहे."

अध्यक्ष हसले. "अहो, वडील आहेत तुमचे."

"म्हणून तर आधी त्यांना सांगतेय. तुम्हाला नंतर सांगणार होते."

"एकदा दिलेला कप परत घेत नसतात. सत्कार झालाय, भाषण झालंय."

"सत्कार राहू द्या. भाषणही राहू द्या, ते तसंही कुणाला नको आहे. कप तेवढा टेबलावर ठेवा."

बाबांनी रुमाल खिशात ठेवला. "कुठल्या नियमात आहे?"

"सहाव्या."

"दाखव."

तिने कागद दिला. बाबांनी चष्मा बदलला. ते पहिल्या नियमापासून वाचू लागले, कारण मधूनच वाचणं त्यांना पटत नसे. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. आई लांबूनच खुणेने विचारत होती, की आता काय नवीन. बाबा चौदाव्या नियमापर्यंत गेले, खाली सोळा सह्या होत्या, त्यातली सातवी त्यांनी नीट निरखली.

"सही माझीच आहे," ते म्हणाले. मग त्यांनी कप टेबलावर ठेवला आणि दांडी बरोबर मध्यावर येईल असा फिरवला.

"हे बघा," अध्यक्षांचा आवाज खाली आला, आणि तो खाली आला की लोकांची कामं अडायची, "लोकांसमोर माझं हसं केलंत तर पुढच्या वर्षी हा हॉल विसरा."

या हॉलसाठी तिने सतरा अर्ज केले होते. सतराव्या अर्जात तिने आधीच्या सोळा अर्जांची यादी जोडली होती. तिने एकवार छताकडे, पंख्यांकडे, तिनेच ओळीने मांडलेल्या खुर्च्यांकडे पाहिलं.

"विसरले," ती म्हणाली. "बाबा, बसा. सामना एकतीस."

अध्यक्षांनी कप काखेत मारला, जिन्याखालच्या खोलीत जाऊन मेन स्विच बंद केला. पंखे दमून थांबले. पडदा काळा झाला.

अंधुक हॉलमध्ये पहिला आवाज सलूनवाल्याचा आला. "माझ्याकडे टीव्ही आहे. या माणसाने मला खालच्या रांगेत हाणलाय. आता हा कायद्याने जिंकतो का हरतो, ते मला बघायचंय."

आणि अशा रीतीने चाळीस माणसं, एक गेमचं यंत्र आणि अडीच मीटरचा तक्ता भर दुपारी रस्ता ओलांडून गेले. तक्ता चौघांनी आडवा धरला होता. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं मोर्चा आहे; एक जण काही न विचारता सामीलही झाला.

सलूनमध्ये दोन खुर्च्या होत्या. एकीत एक गिऱ्हाईक अर्ध्या गालाला फेस लावून बसलं होतं. त्याला कोपऱ्यात स्टुलावर हलवलं आणि कुणाच्याच ओळखीचा नाही म्हणून पंच नेमलं. तो म्हणाला, "मला गेममधलं काही कळत नाही." तक्ताताई म्हणाली, "उत्तम."

बाबांनी खिशातून मोजपट्टी काढली. निवृत्तीला सहा वर्षं झाली तरी ती त्यांच्या खिशात असायची. दोन्ही खुर्च्या जमिनीपासून सारख्या उंचीवर येईपर्यंत त्यांनी सलूनवाल्याला पायाने पंप मारायला लावला.

"काका, दाढी करायचीये का सर्व्हे?" सलूनवाल्याने विचारलं.

"अजून अर्धा सेंटिमीटर," बाबा म्हणाले.

सामना सुरू झाला. गर्दीमुळे मागच्यांना टीव्ही थेट दिसतच नव्हता, भिंतीवरच्या आरशातला दिसत होता, आणि आरशात डावं उजवीकडे गेलं होतं. बाबांचा पैलवान मार खायला लागला की तो डॉक्टरचा समजून मागचे टाळ्या पिटायचे. आई तिथेच होती, मामाला फोनवर वर्णन ऐकवत होती. "पुन्हा खेळायला लावलंय रे पोरीने. हो, स्वतःच्या बापाला. आपल्याकडची नाही ही, यांच्याच वळणावर गेलीये. पण जिंकताहेत. धोपटताहेत अगदी."

तिकडे डॉक्टर बाबांना धोपटत होती. दोन डाव तिचे झाले. मग बाबांची लाथ बसायला लागली. एक, दोन, दोन-दोन. पाचव्या डावात दोघांचीही ताकद पट्टीवर केसाएवढी उरली. तक्ताताई तक्त्याला पाठ लावून उभी होती. बाबा जिंकावेत असं तिला फार वाटत होतं, आणि ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून ती भिंतीवरची केसांच्या कटांची चित्रं मोजत होती. नऊ होती. बाबांनी लाथ उचलली. डॉक्टरने ती हवेतच धरली, दात धरावा तशी, आणि उपटली.

मागचे लोक नाचायला लागले. आईने मामाला सांगितलं की दाजी दुसऱ्यांदा पहिले आले.

फेसवाल्या पंचाने हात वर केला. "माझ्या मते बाई जिंकल्या. का ते विचारू नका."

तक्ताताईने मार्कर घेतला. तुटक चौकोनाच्या चारही बाजू तिने ठळक केल्या, सावकाश, कोपऱ्यांना जरा जास्तच, आणि आत डॉक्टरचं नाव लिहिलं. मग तिच्या लक्षात आलं की कप अध्यक्षांच्या काखेत गेला आहे.

"कप नाही," तिने डॉक्टरला स्पष्ट सांगितलं. "कदाचित मिळणारही नाही."

डॉक्टरने दिवसभरात पहिल्यांदा तोंड उघडलं. "मला तो चौकोन चालेल."

सलूनवाल्याने ठेवणीतली कात्री काढली आणि एकतिसावा चौकोन कडेकडेने असा कापला, की एक रेघ तिरकी गेली नाही. तक्त्याला खिडकी पडली. डॉक्टरने तो कागद दोन्ही हातांनी धरला आणि खेळाडूंनी टाळ्या वाजवल्या. या टाळ्या सरळ होत्या, आरशातल्या नव्हत्या. पंधराच्या पंधरा जणांनी वाजवल्या, कारण बाबांनीही वाजवल्या होत्या.

मग बाबा खुर्चीतून उतरले आणि त्यांनी उभ्या उभ्याच तिला मोजपट्टी लावली.

"तक्रार आहे," ते म्हणाले. "पाचव्या डावात माझी खुर्ची दोन सेंटिमीटर खाली बसली."

"लेखी द्या," तक्ताताई म्हणाली.

आईने कपाळावर हात मारला. बाबांनी सलूनच्या दरपत्रकामागे तक्रार लिहिली, तारीख टाकली, वेळ टाकली, सही केली. तक्ताताईने स्वतः खुर्ची मोजली. दोन सेंटिमीटर बरोबर होतं. बाबांचं माप कधी चुकत नसे. तिने नियमांचा कागद पुन्हा उघडला, आणि यावेळी तिलाही तो शेवटपर्यंत वाचायला वेळ लागला.

"नियम अकरा. तक्रार डाव संपायच्या आत करायची."

"अकरावा नियम चुकीचा आहे."

"आहे. पुढच्या वर्षी बदलू. आज तो लागू आहे. तक्रार फेटाळली."

"फेटाळली असं लिही. खाली सही कर."

तिने लिहिलं आणि सही केली. बाबांनी तो कागद दोनदा वाचला, चार घड्या घातल्या आणि वरच्या खिशात ठेवला. वर रुमाल ठेवला, मघाशी कप पुसलेला.

"पुढच्या वर्षी भरवणार कुठे?" त्यांनी विचारलं.

तक्ताताईने सलूनवाल्याकडे पाहिलं. तो पंचाचा उरलेला गाल करत होता.

"खुर्च्या आधी दुरुस्त करून घ्या," बाबा त्याला म्हणाले. "मी तपासायला येईन."