पाच पॉइंट नऊ

भौतिकशास्त्राच्या बाईंचं डोकं सकाळपासूनच फिरलं होतं. टेबलावर प्रयोगवह्यांचा ढीग, प्रत्येक वहीत तीच ती पाण्याची विशिष्ट उष्माधारकता, आणि सह्या करून करून मनगटाची पार वाट लागलेली. तेहतीस वह्यांत उत्तर ४.२. दृष्ट लागू नये म्हणून कुणी ४.१९ केलेलं, कुणी ४.२१, एवढाच काय तो फरक. आणि चौतिसाव्या वहीत ५.९.

ही वही मागच्या बाकावरच्या त्या उंच, अबोल मुलीची. तिला बाईंनी तीनदा परत पाठवलं होतं. पहिल्यांदा तिने ५.९ आणलं, मग ५.८, मग पुन्हा ५.९. चार वाजता वह्या ऑफिसात जायच्या होत्या. ज्या वहीवर सही नाही, त्या मुलाला उद्याच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बसू देणार नव्हते, आणि ती परीक्षा बुडली की वर्षच बुडालं.

"अगं, पाणीच घेतलंस ना? की तुझ्या नळाला काही वेगळं येतं?"

"पाणीच घेतलं बाई. वजनसुद्धा दोनदा केलं."

"मग सगळ्या वर्गाला जमतं आणि तुलाच कसं जमत नाही? तीन आठवडे झाले, माझं डोकं खातेयस नुसती."

मुलगी वही छातीशी धरून उभीच. वाद घालत नव्हती, रडतही नव्हती, आणि बाईंना त्याचाच जास्त राग येत होता.

"जा, वर्गात बसून गुणाकार तपास. मी स्वतः प्रयोग करते, मग बघू पाणी चुकतंय की तू."

बाई तणतणत प्रयोगशाळेत गेल्या. खरं तर कित्येक वर्षांत त्यांनी हा प्रयोग हाताने केला नव्हता. मुलांना शिपाईमामांच्या हवाली करायचं आणि आपण शिक्षकखोलीत पेपर तपासत बसायचं, अशीच रीत पडून गेली होती. त्यांनी अर्धा किलो पाणी मोजून घेतलं, हीटर सोडला, दहा मिनिटं घड्याळ लावलं आणि अधूनमधून पाणी ढवळत राहिल्या. पाणी चौदा अंशांनी तापायला हवं होतं. दहावर येऊन थांबलं. गणित केलं तर उत्तर ५.९.

थर्मामीटर मेला खराब असणार, म्हणून त्यांनी दुसरा घेतला. नवं थंड पाणी घेतलं, पुन्हा दहा मिनिटं. ५.८. वैतागून भांडं उचलायला गेल्या तर बोटांना बाहेरूनच ऊब लागली. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं, की भांडं उघडं आहे. उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून त्याला जाड लोकरी नमद्याचं जाकीट असायचं. ते नव्हतं. एकाही भांड्याला नव्हतं.

"मामा, या भांड्यांची जाकिटं कुठं गेली?"

"ती होय? ती कापून शिक्षकखोलीतल्या खुर्च्यांच्या पायांना लावली की," मामा म्हणाले. "तुम्हीच मागे लागला होतात ना, खुर्च्या करकरतात म्हणून."

"कधी?"

"झालं असेल वर्ष."

आधी बाईंना मामांचा राग आला, मग वर्गाचा, आणि मग स्वतःचा असा काही संताप आला की तो कुणावर काढावा हेच कळेना. उघड्या भांड्यात ४.२ येणं शक्यच नव्हतं. तेहतीस जणांनी बिनदिक्कत थाप मारली होती आणि बाईंनी लाल शाईने 'छान' लिहून खाली सही ठोकली होती. जिने खरं लिहिलं तिला मात्र तीनदा हाकलून लावलं होतं. पावणेचार झाले होते. बाई जिना धापा टाकत चढल्या.

मुलगी वर्गाच्या दारातच उभी होती. चेहरा पहिल्यांदाच मोकळा दिसत होता.

"आलं बाई," तिने वही पुढे केली. "चार पॉइंट दोन."

तापमानातली वाढ चौदा अंश. खोडून खोडून पानाचा तो भाग झिरझिरीत झाला होता.

"हे कधी केलंस? प्रयोगशाळेत तर मी होते."

"केलं नाही. शेजारचीनं शिकवलं. आधी खाली उत्तर लिहायचं, मग तिथून वर आकडे भरत जायचे. पाच मिनिटांत होतं. मी उगाच तीन आठवडे घालवले."

"अगं, तुझं आधीचंच बरोबर होतं. आत्ता मी करून पाहिलं, मलाही तेच आलं."

"मग तुम्ही तेव्हा सही का नाही केलीत?"

"चुकलं माझं," बाई कशाबशा म्हणाल्या. "तू पुन्हा पाच पॉइंट नऊ लिही. मी सही करते."

"नको बाई. आता आणखी खोडलं तर पान फाटेल," ती म्हणाली आणि तिने स्वतःचं पेन उघडून बाईंच्या हातात दिलं. "इथे करा. चार वाजत आलेत."

बाईंनी सही केली.