ओतिलियाचा गडी

माद्रिदची बाई जेवणाच्या वेळेला येणार होती, ती सकाळीच येऊन थडकली. ओतिलियाच्या अंगावर अजून स्वयंपाकाचा एप्रन होता आणि अंगणात चिखल होता.

सिल नदीच्या वरच्या उतारावर तोडणी ऐन भरात आली होती. द्राक्षांचे ते दगडी टप्पे इतके अरुंद, की वेलीला पाठ लावून उभं राहिलं तर समोर थेट नदीच दिसते. ओतिलिया याच उतारावर जन्मली, पण शिकायला ओउरेन्से शहरात गेली आणि तिथल्याच एका हॉटेलात हिशेबनीस झाली. आई गेल्यावर ती गावी परतली आणि घरच्या वाइनला तिने बाटली दिली, लेबल दिलं, स्वतःचं नाव दिलं. लेतिसिया नावाच्या या बाईचं माद्रिदमध्ये नावाजलेलं रेस्टॉरंट होतं. तिथे आपली बाटली उघडली जाईल, या विचाराने ओतिलियाची आठ दिवस झोप उडाली होती.

दोघी अंगणात बोलत उभ्या असतानाच बाल्दोमेरो वर आला. क्रेट ओढणारी ट्रॉली रुळावरच अडकली होती, म्हणून भरलेला क्रेट खांद्यावर. विजार सुतळीने बांधलेली, तोंडभर द्राक्षाचा चिकट रस, भोवती गांधीलमाश्या, आणि पुढचे दोन दात कधीचेच गेलेले.

"ट्रॉली पुन्हा रुसली बघ," तो गावच्या गलिसियन बोलीत ओरडला. "लाथ घातली तरी हलत नाही!"

लेतिसियाने हसून विचारलं, "हे कोण?"

"हा? हा गडी आहे आमचा," ओतिलिया म्हणाली. "तोडणीला येतो."

शब्द तोंडातून गेले आणि तिचे कान तापले. बाल्दोमेरो तिचा सख्खा मोठा भाऊ होता. त्याने एकदाच तिच्याकडे पाहिलं. मग क्रेट खाली ठेवला, टोपी काढली आणि मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाला, "कुठं ठेवू हे, बाईसाहेब?"

"तळघरात," ती म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही.

जेवायला त्या दोघींसाठी ऑक्टोपस होता, कॉड मासा भरून भाजलेली एम्पनाडा होती. बाल्दोमेरोचं ताट रोज याच टेबलावर असायचं. आज तो अंगणात उलट्या क्रेटवर बसून राय धान्याचा काळा पाव आणि खारवलेलं डुकराचं मांस खात होता. खिडकीतून त्याची पाठ दिसत होती. ओतिलियाने खुर्ची फिरवली, तरी दिसायची ती दिसतच राहिली.

लेतिसियाने मेन्सिया द्राक्षांची ती लाल वाइन तोंडात घोळवली. "किती ताजी! जड नाही, गोड नाही. आंबट चेरी, आणि मागे ओल्या दगडाचा वास. कोण बनवतं?"

"आम्ही घरचेच," ओतिलिया म्हणाली आणि लगेच एम्पनाडाचं ताट पुढे सरकवलं.

जेवण झाल्यावर लेतिसियाने उतार बघायचा हट्ट धरला. शहरी बूट घातलेल्या तिला ओतिलियाने एकटीने खाली नेणं शक्यच नव्हतं. बाल्दोमेरोने न सांगताच हात पुढे केला. तो पुढे, त्याचा हात घट्ट धरून लेतिसिया, आणि मागे भिंतीला धरत ओतिलिया.

"किती वर्षं आहात यांच्याकडे?" लेतिसियाने विचारलं.

"यांच्या जन्माआधीपासून."

"अरे वा! मग लहानपणी कशा होत्या तुमच्या बाईसाहेब?"

"रडक्या," तो म्हणाला. "पण डोक्यानं तल्लख. शाळेच्या बाईंनी सांगितलं, हिला शिकवा. म्हणून त्या गेल्या, मी राहिलो."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर ओतिलियाने तो सोसला असता.

"तो माझा भाऊ आहे!" ती मागून ओरडली. "सख्खा भाऊ आहे माझा! मी खोटं बोलले."

लेतिसिया थबकली. तिने आधी हात सोडला, मग पाय डगमगला म्हणून पुन्हा धरला. तिने त्या सुतळीकडे पाहिलं, त्या दातांकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर दया आली. बाल्दोमेरो मानेपर्यंत लाल झाला.

"सांभाळून," तो एवढंच म्हणाला. "पुढचा टप्पा निसरडा आहे."

लेतिसियाने वाइन घ्यायचं कबूल केलं, पण ती निघाली घाईघाईने, दोघांच्याही नजरा चुकवत. तिची गाडी वळणाआड गेली आणि ओतिलिया भावापाशी आली.

"दादा, मी सांगितलं ना तिला शेवटी."

"सांगितलंस. मला विचारलंस?" तो ट्रॉलीच्या साखळीशी खटपट करत होता. "सकाळचं मी गिळलं होतं. म्हटलं, हिचं काम होऊ दे. गडी म्हणून मी ताठ चालत होतो गं. तू भाऊ म्हणालीस, आणि त्या बाईनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मला रस्त्यावरून उचलून आणलंय. तुझं मन हलकं झालं. माझं काय झालं?"

हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

तोडणी थांबली नाही, द्राक्षं थांबत नाहीत. बाल्दोमेरो रोज आला, पण दुपारी जेवायला वर येईना. ती डबा घेऊन उतार उतरायची. तो खायचा, "छान झालंय" म्हणायचा, आणि पुन्हा कात्री उचलायचा. लेबलवर त्याचं नाव घालायचा विषय तिने काढला, तर तो म्हणाला, "कागद चिकटवून काय होणार, ओती?"

नोव्हेंबरात गावात चेस्टनट भाजायचा सण आला. शेकोटीभोवती सगळं गाव, नवी वाइन, राखेने एकमेकांची तोंडं काळी करण्याचा दंगा. पलीकडच्या खोऱ्यातून काही पाहुणे आले होते. ओतिलिया एकेकाला गाठून सांगत होती, "हा माझा मोठा भाऊ, बाल्दोमेरो. वाइन हाच करतो."

चौथ्या पाहुण्याच्या वेळी तो वैतागला. "बस कर गं बाई! आता काय दवंडी पिटणार आहेस?"

लोक हसले. ती मात्र हसू शकली नाही. तिचा चेहरा शेकोटीपेक्षा जास्त तापला होता, आणि कुठे तोंड लपवावं हेच कळेना. बाल्दोमेरोने तिच्याकडे पाहिलं, मग बाकावर थोडा सरकला.

"बस इथं. उभी राहून सगळ्यांच्या वाटेत येतेस."

ती बसली. त्याने गरम चेस्टनट सोलून तिच्या हातावर ठेवला. तिने तो खाल्ला, पण मान वर केली नाही.