पीटीचा तक्ता

गहिनीनाथ सर देवळाली प्रवराकडच्या एका शाळेत पीटी शिकवायचे. म्हणजे पगार त्याचा घ्यायचे. हजेरी झाली की शिट्टी खिशात आणि तास गणिताच्या बाईंना आंदण. बाईंचं बीजगणित दरवर्षी मागं पडायचं, सरांचा चहा मात्र एकदाही मागं पडला नाही.

जूनमध्ये शाळेत आरोग्य तपासणी झाली आणि नववीतल्या रूथची साखर काठावर निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढ्यात गोळ्या नकोत, तीन महिने शाळेतच रोज अर्धा तास पळवा, मग बघू. रूथच्या आईनं, रोझीबाईंनी, सरांपुढं हात जोडले. सर म्हणाले, काळजीच सोडा. मग डॉक्टरीणबाईंनी दिलेला तक्ता त्यांनी दर महिनाअखेरीला एका बैठकीत भरून टाकला. धावली, धावली, धावली. एकदा तर रूथ रविवारीही धावली होती, ते खोडावं लागलं.

आज पुन्हा तपासणी होती. खाली यायची ती साखर वर चढली होती. डॉक्टरीणबाईंनी तक्ता चाळला आणि मान हलवली. रोज पळूनही फरक नाही म्हणजे व्यायामानं हिचं भागणार नाही, गोळ्या सुरू करू, असं म्हणत त्या चिठ्ठी लिहू लागल्या. रोझीबाईंनी पदर तोंडाला लावला. सर बाजूच्या खुर्चीत खिशातल्या शिट्टीशी चाळा करत बसले.

लिहिता लिहिता डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "रोज पळायचीस ना गं?"

रूथनं सरांकडं बघितलं. "व्हय मॅडम. सर रोज पळवायचे."

अरे देवा! चौदा वर्षांची पोर गोळ्या पदरात घेऊन मास्तरची अब्रू झाकत होती. आणि मास्तर खुर्चीत बसून ती झाकू देत होता. सरांना स्वतःची किळस आली. ते उठले, पण मान काही वर होईना.

"ती एक दिवसही पळाली नाही," ते म्हणाले. "तक्ता मी भरला."

कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी फाडली आणि नवा कोरा तक्ता टेबलावर ठेवला. सरांचा हात सवयीनं पुढं गेला. रोझीबाईंनी त्याआधीच तो उचलून लेकीच्या हातात दिला.

"आता तूच लिवत जा, बाळा," त्या म्हणाल्या. "सरांना कशाला तरास."