मोठा आकडा

हॉस्पिटलच्या धुलाईघरात नवी बाई कामाला लागली की पहिल्या दिवशी तिला इस्त्रीवाल्या काकूंच्या हाताखाली देत. काकू तिच्या हातात आधी इस्त्री देत नसत, चिठ्ठी देत. चादरींच्या प्रत्येक गाठोड्याला वॉर्डातून एक चिठ्ठी बांधून येई. वर ठळक आकडा आणि खाली बारीक अक्षरांत काहीबाही.

"वरचा मोठा आकडा बघायचा," काकू सांगत. "तेवढ्या चादरी मोजून परत दिल्या की आपण सुटलो. मग चिठ्ठी फाडायची नि टोपलीत टाकायची. खालचं बारीक आपल्यासाठी नसतं, ते साहेबलोकांचं."

बावीस वर्षं काकूंनी या नियमावर काढली. एक चादर कधी कमी भरली नाही की कोणाचं एक उणं बोलणं ऐकून घ्यावं लागलं नाही. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण हिशेबाला चोख, असं सगळे म्हणत. आणि याच चोखपणानं त्यांचा घात केला.

अडीच वर्षांपूर्वी धुलाईघराच्या फाटकाशी एक माणूस टेबल मांडून बसला होता. उकाड्यात गळ्यापर्यंत टाय बांधलेला, म्हणून बायकांनी त्याचं नाव टायवाला ठेवलं. क्रेडिट कार्डाचा फॉर्म भरला की एक छत्री फुकट.

"काकू, ही तुमची पर्सच समजा," तो म्हणाला. "पैसे संपले तरी ही रिकामी होत नाही."

"अशी पर्स असती तर मी इस्त्री कशाला केली असती?" काकू म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या. हसत हसत काकूंनी सहीही केली. फुकट ते पौष्टिक, आणि सहीला काय पैसे पडतात?

पुढं चार महिन्यांनी काकूंचे यजमान जिन्यावरून पडले. ते एका कारखान्यावर पहारेकरी होते. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन लगेच करायला हवं होतं. तेव्हा ते कार्ड देवासारखं धावून आलं. पन्नास हजार एका क्षणात भरले गेले. काकूंनी घरी येऊन कार्ड डोळ्यांना लावलं होतं, हेही सांगायला हवं.

महिन्यानं बिल आलं. त्यावर चौकटीत एक ठळक आकडा होता, दोन हजारांच्या आसपासचा. पगार झाल्या दिवशी काकू रांगेत उभ्या राहिल्या, तेवढे भरले, घरी आल्या आणि बिलाचे चार तुकडे केले. पुढचं बिल आलं, तेही भरलं आणि फाडलं. चोवीस महिने हेच. स्वतःचा चष्मा पुढं ढकलला, यजमानांची काठी पुढं ढकलली, पण बिल एक दिवस पुढं ढकललं नाही. आता फिटतच आलं असेल, असं त्या मनाशी म्हणत. पन्नासात किती राहिले हे विचारायची त्यांना लाज वाटे, कारण ज्याचं देणं चोख त्यानं विचारायचं कशाला?

मग एका सोमवारी, कामावरून सुटल्यावर, औषधाच्या दुकानात कार्ड चाललं नाही. दुकानदारानं दोनदा घासून बघितलं आणि मागच्या गिऱ्हाईकाकडं वळला. काकू तशाच टायवाल्याच्या ऑफिसात गेल्या. तिथं गार हवा होती. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं.

"काकू, तुम्ही मर्यादेबाहेर गेलात. अठ्ठावन्न हजार झालेत."

"पन्नास घेतले होते."

"बरोबर."

"आणि मी दर महिन्याला भरतेय. दोन वर्षं. अठ्ठेचाळीस हजार होतात त्याचे."

"ते व्याजात गेले. शिवाय कार्डाचा विमा, वर्षाची फी. बिलात सगळं लिहिलेलं असतं."

"कुठं?"

त्यानं एक बिल उलटं करून पुढं ठेवलं. मागची बाजू अक्षरांनी काळी झाली होती. काकूंनी ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं. मुंग्यांची रांग दिसावी तसं दिसत होतं सगळं. ज्यानं कोणी ते बिल छापलं, त्याला नेमकं ठाऊक होतं की माणसाची नजर कुठं जाते, कुठला आकडा ठळक करायचा आणि कुठला लपवायचा. त्याला कोणी अडाणी म्हणणार नाही. अडाणी ठरल्या काकू.

"महिनाअखेर दहा हजार भरा, नाहीतर केस वसुलीला जाते," टायवाला म्हणाला. "ती माणसं माझ्यासारखी बोलत नाहीत. फॉर्मवर तुमच्या मुलीच्या कॉलेजचा नंबर आहे."

मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला जायची होती. ज्या हॉस्पिटलच्या चादरी आईनं जन्मभर धुतल्या, त्याच हॉस्पिटलात पांढरा गणवेश घालून जायचं, हे माय-लेकीचं ठरलेलं. त्या वर्षाची फी घरात पत्र्याच्या डब्यात होती. बरोबर दहा हजार.

काकूंचा चेहरा बघून टायवाला जरा पुढं झुकला. "एक मार्ग आहे. तुमच्या धुलाईघरातल्या दहा बायकांचे फॉर्म द्या. मी वर सांगून तुमचे दहा हजार पुढं ढकलतो. दहा बायका, दहा हजार. तुमच्या शब्दाला मान आहे तिथं, मला माहीत आहे."

काकू घरी आल्या. यजमानांनी विचारलं, "गोळ्या आणल्यास का गं?" तर म्हणाल्या, "उद्या."

चार दिवसांत नऊ फॉर्म झाले. काकूंना खोटं बोलावंच लागलं नाही. "कार्ड घेतेस का?" एवढंच त्या विचारत. कपडे भिजवणारी, जिच्या तोंडाला कधी कुलूप नसे, ती सही करताना म्हणाली, "काकूंनी विहिरीत उडी मार म्हटलं तर मी एवढंच विचारीन, पाणी गरम आहे का." सगळ्या हसल्या.  काकूंच्या मनात सारखं येई, कळतंय आणि तरी करतेय. मग मुलीचा चेहरा समोर येई, आणि त्या पुढच्या बाईकडं जात.

दहावी होती नुकतीच कामाला लागलेली, सगळ्या तिला नवीच म्हणत. वय बावीस, नवरा गेल्याला आठ महिने, घरी दीड वर्षाचं मूल आणि आंधळी सासू. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत ती फाटकाशी मांडलेल्या टेबलासमोर बसली. आधीच्या नऊजणी जवळच डबे उघडून बसल्या होत्या. टायवाल्यानं पेन दिलं. नवीनं ते धरलं आणि मान वर करून विचारलं, "काकू, बिल आलं की वरचा मोठा आकडाच बघायचा ना? आपल्या चिठ्ठीसारखा? तुम्ही शिकवलंत तसा?"

 काकूंनी स्वतःच्या तोंडचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि त्यांना आपण काय करून बसलो ते दिसलं. त्यांनी नवीच्या हातातून पेन काढून घेतलं.

"ही सही होणार नाही," त्या म्हणाल्या.

"काकू, मुलीचं वर्ष जाईल," टायवाला हळूच म्हणाला.

"जाईल. मला माहीत आहे." मग त्या डबे उघडून बसलेल्यांकडं वळल्या.  "बायांनो, मी तुम्हाला फसवलं. पन्नास घेतले, अठ्ठेचाळीस भरले आणि अजून अठ्ठावन्न देणं आहे. मोठा आकडा भरून कोणी सुटत नाही. तो भरायचा म्हणजे नुसतं बुडता बुडता नाक वर ठेवायचं. आणि हे मला सोमवारी कळलं होतं. त्यानंतर मी तुमच्या सह्या घेतल्या."

 टायवाल्यानं नऊ फॉर्म शांतपणे बॅगेत भरले. "झालेल्या सह्या झाल्या," एवढं म्हणून तो गेला. भिजवणारीनं डब्याला झाकण लावलं आणि काकूंच्या पायाशी थुंकली.

त्या रात्री कार्डाचे दहा हजार भरण्यासाठी पत्र्याचा डबा रिकामा झाला. यजमान भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "माझं हाड तसंच मोडकं राहू द्यायला हवं होतं."  मुलगी रागावली होती, आणि रागवायचा तिला हक्क होता. मग तिनं विचारलं, "चोवीस बिलं कुठं आहेत?"

"फाडली," काकू म्हणाल्या. "भरलं की फाडते मी."

मुलीनं डोळे मिटून घेतले. मग वही काढली. बिलांच्या नकला मागणारा अर्ज, न मागितलेल्या विम्याचे पैसे परत मागणारी तक्रार, असं एकेक ती लिहीत गेली. सोमवारपासून चौघीजणी तिच्याबरोबर ऑफिसात जाऊन फॉर्म रद्द करून आल्या. पाचजणींनी ऐकलं नाही. ज्या बाईनं एकदा फसवलं तिचं दुसऱ्यांदा का ऐकायचं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते चूक होतं असं कसं म्हणावं?

दोन महिने झाले. तक्रारीला अजून उत्तर नाही. मुलगी आता धुलाईघरात रोजंदारीवर चादरींच्या घड्या घालते. वरच्या मजल्यावर तिच्या वर्गातल्या मुली पांढऱ्या गणवेशात फिरतात आणि त्यांचे गणवेश खाली इस्त्रीला येतात. काकू तेवढे गणवेश बाजूला ठेवतात आणि मुलगी जेवायला गेली की मग त्यांच्यावर इस्त्री फिरवतात.

परवा दुपारी भिजवणारी इस्त्रीच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. दोन महिन्यांत ती काकूंशी एक अक्षर बोलली नव्हती. तिनं ओल्या हातानं एक कागद टेबलावर आपटला. पोराच्या दातांसाठी बावीस हजार कार्डावरून भरले होते, त्याचं पहिलं बिल. चौकटीत ठळक आकडा होता, नऊशे.

"वाच," ती म्हणाली. "खालचं बारीकसुद्धा."

"दे आई, मी वाचते," मुलगी पुढं आली.

"नको," काकू म्हणाल्या. "मी वाचीन. चुकले तर सांग." त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली, मुलीचा चष्मा मागून डोळ्यांवर चढवला आणि बिल उलटं केलं. पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. नवी आली, मग घड्या घालणाऱ्या आल्या, टेबलाभोवती कोंडाळं झालं. काकू एकेक अक्षर जुळवत वाचू लागल्या. पहिली ओळ संपायला पाच मिनिटं लागली, आणि अशा ओळी चाळीस होत्या. पण भिजवणारी जागची हलली नाही.