एक्केचाळीस चुका

आमच्या वाचनालयात एक नियम आहे, आणि तो मीच भांडून करवून घेतलाय. पुस्तक परत करताना अभिप्रायाच्या वहीत तीन ओळी लिहायच्या, मगच पुढचं पुस्तक मिळणार. लोक काय लिहितात? "छान आहे." अहो, छान म्हणजे काय? हवापण छान असते.

मी नीट लिहिते. गेल्या महिन्यातलंच सांगते. झोपेवरचं एक शास्त्रीय पुस्तक: "चाळिसाव्या पानावर मला गाढ झोप लागली. लेखकाचा दावा खरा आहे." एका गृहस्थांचं प्रवासवर्णन: "लेखक बारा देश फिरला आणि बाराही ठिकाणी त्याचं पोट बिघडलं. देश कळले नाहीत, पोट मात्र कळलं." एक रहस्यकथा: "खुनी नवव्या पानावरच कळतो, कारण पुस्तकात तेवढं गोड दुसरं कोणीच बोलत नाही." त्याखाली कोणीतरी लिहिलं, "काकू, आम्हाला अजून वाचायचं होतं." मी खाली लिहिलं, "वाचलात!"

बत्तीस वर्षं मी छापखान्यात प्रुफं तपासली. तिथे पहिल्याच दिवशी वरिष्ठांनी बजावलं होतं, गोष्टीत रमायचं नाही. अर्थाकडे लक्ष गेलं की चूक सुटते. ते मी असं काही अंगी बाणवलं की अजून पेन्सिल कानामागे असते. औषधाच्या बाटलीतला कागदसुद्धा मी दुरुस्त करूनच फेकते.

घरात तिघं. मी, मुलगा आणि सूनबाई. मुलाची परगावी बदली झालीय आणि महिनाअखेरीला दोघं निघणार आहेत. सूनबाईनं मला दोनदा विचारलं, "आई, तुम्ही येताय ना?" मी दोन्ही वेळा सांगितलं, "मी कशाला? वाचनालयाची वर्षाची वर्गणी भरलीय." मुलगा पेपर उघडून बसला. तिसऱ्यांदा कोणी विचारलं नाही. मला वाटलं होतं विचारतील. नेहमी तीनदा विचारतात माणसं, नाही का? त्या दिवसापासून माझं जेवणात लक्ष नव्हतं, पण हे सांगणार कोणाला?

अशात ग्रंथपालानं एक कादंबरी पुढे केली. लेखिकेचं नाव कधी न ऐकलेलं. "तुम्हाला आवडेल," म्हणाला आणि उगाच हसला. हा माणूस म्हणजे तोंडात तीळ न भिजणारा. तो हसला तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

कादंबरी एका सासूची. काय ती बाई! सुनेनं मीठ चुकीच्या डब्यात भरलं म्हणून दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना नंबर आणि चिठ्ठ्या. "डबा सात, मीठ. साखरेसाठी पाहा डबा अकरा." मला वाटलं, अतिशयोक्तीलाही काही सुमार असतो! चिठ्ठ्या माझ्याही डब्यांवर आहेत, नंबरासकट, पण त्या सोयीसाठी. मुलानं लग्नाआधी सुनेला लिहिलेलं पत्रसुद्धा म्हणे त्या बाईनं तपासून परत दिलं. मीही दिलं होतं, पण त्यात खरोखरच चुका होत्या.

शेवटी मुलगा आणि सून घर सोडून निघतात. म्हातारी दारात उभी राहून सामानाची यादी तपासते, दोन चुका दाखवते, आणि बस्स. एक शब्द नाही. दार लागतं, कादंबरी संपते.

मी वहीत लिहिलं: "पृष्ठे दोनशे चार, चुका एक्केचाळीस, यादी सोबत. सासू असह्य आहे. अशा बाईजवळ राहिलेल्या सुनेचा सत्कार करायला हवा. शेवट साफ खोटा. एवढी बोलणारी बाई ऐनवेळी गप्प कशी बसेल? ती म्हणाली असती," आणि पुढे मला काही सुचेना. वाक्य तसंच सोडून मी घरी आले. आयुष्यात पहिल्यांदा.

तुम्ही ओळखलं असेल एव्हाना. मी नव्हतं ओळखलं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बघायला माझ्याइतकी पटाईत बाई शोधून सापडायची नाही.

दोन दिवसांनी सूनबाई त्यांच्या दोघांचं सभासदत्व बंद करायला वाचनालयात गेली. ग्रंथपालानं तिला माझा अभिप्राय मोठ्यांदा वाचून दाखवला. घरी आल्यावर तिनं चहा ठेवला, समोर बसली आणि म्हणाली, "आई, एकशे बाराव्या पानावर काय आहे?"

"तीन चुका," मी म्हटलं. आकडे माझ्या जिभेवर असतात.

"आणि?"

"आणि काय? तीन पुरत नाहीत?"

तिनं पिशवीतून तीच कादंबरी काढली. कोरी प्रत. एकशे बारावं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं आणि माझ्या कानामागची पेन्सिल काढून घेतली. नऊ वर्षांत तिनं माझ्या पेन्सिलीला हात लावला नव्हता.

"आता वाचा," म्हणाली.

हातात पेन्सिल नसली की मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. तरी वाचलं. दवाखान्याची खोली. म्हातारीचा नवरा नुकताच गेलाय. परिचारिका कागद आणून देते आणि त्यावर त्याचं वय एक्काहत्तरऐवजी सतरा पडलेलं असतं. म्हातारी रडत नाही. पर्समध्ये पेन्सिल शोधते. पेन्सिलीचं टोक मोडलेलं. परिचारिका, हिला वेड लागलंय अशा नजरेनं बघत निघून जाते. सून पेन्सिलीला टोक करते आणि सासूच्या हातात देते.

ती परिचारिका गेल्यावर त्या खोलीत आम्ही दोघीच होतो. तिसरे आमचे हे होते, ते कोणाला सांगायला उठणार नव्हते.

चहा उतू गेला. कोणीच उठलं नाही.

"तू लिहिलंस?" मी विचारलं. तिनं मान डोलावली. वरचं नाव टोपण होतं. मला रडू येत होतं आणि संतापही, आणि आधी संताप बाहेर पडला. तो नेहमी पुढेच उभा असतो. "घरात बत्तीस वर्षांची मुद्रितशोधक बसलीय आणि तुझ्या पुस्तकात एक्केचाळीस चुका? मला दाखवलं का नाहीस?"

"तुम्ही तपासलं असतं," ती म्हणाली. "मला तुम्ही वाचायला हवं होतं."

मी उठून शेगडी पुसायला लागले. डबा अकरावरची चिठ्ठी समोरच होती. साखर.

"आणि तो शेवट?" मी पाठमोरीच विचारलं. "तोही आमचाच का?"

"शेवट बदलीच्या आधीच लिहिला होता. असं होईल की काय, म्हणून घाबरून लिहिला होता," सूनबाई म्हणाली. "तुमचं ते वाक्य अर्धं राहिलंय वहीत. ती काय म्हणाली असती?"

मी म्हटलं, "कोरडं फडकं कुठे ठेवलंस?" बघा, शेवट अगदीच खोटा नव्हता म्हणायचा.

शनिवारी सामान बांधायला काढलं. मुलगा खोक्यांना दोरी लावत होता. सूनबाईनं यादी केली आणि माझ्या हातात दिली. "तपासून देता?" पेन्सिलही परत दिली, छान टोक केलेली. मी चष्मा लावला. एक, पुस्तकांची खोकी, सहा. दोन, उशा, चार. अशी खाली खाली आले आणि चौदाव्या ओळीनंतर मला जी काही हुशारी चढली म्हणता! चौदा, शिलाई मशीन, एक. आणि त्याखाली एकदम सोळा.

"पंधरा कुठाय?" मी विजयी आवाजात विचारलं. "आकडा गाळलास! बेचाळिसावी चूक!"

"चूक नाही ती," सूनबाई म्हणाली. "जागा ठेवलीय."

मुलाच्या हातातली दोरी थांबली. मी यादीकडे बघत राहिले. बघण्यासारखं तिथे काही नव्हतंच. दोन ओळींमध्ये बोटभर कोरी जागा, बस्स. दोनदा विचारलं म्हणून मी तोंड फुगवून बसले होते. तिसऱ्यांदा पोरीनं हे असं विचारलं होतं, मला वाचता येईल अशा भाषेत.

"मला इथे एकटीनं राहायचं नाहीये," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण फार बारीक आला. "पहिल्या दिवसापासून नव्हतं राहायचं."

"मग लिहा तसं."

मी चौदाच्या खाली पंधराचा आकडा घातला आणि पुढे लिहिलं, आई.

सूनबाईनं यादी घेतली, चष्म्याशिवाय डोळ्यांजवळ धरली आणि अगदी माझ्यासारखी भुवई उंचावली. "पुढे किती ते नाही लिहिलंत. बाकी सगळ्या ओळींना आहे."

"एकच आहे," मी म्हटलं.

"एकच पुरे," ती म्हणाली आणि तिनं स्वतःच लिहिलं.