पोटातली लाल पूड

मित्रांनो, मी बियाणं घोळायचा एक जुना ड्रम आहे, आणि माझा कुणावरही चटकन विश्वास बसत नाही. हा गुण मला आमच्या घरच्या सासूबाईंकडून लागला. दूध उतू गेलं तरी त्या आधी मांजराकडे बघतात.

लोहारानं मला पत्र्यापासून घडवलं आणि कुशीला दांडा लावला. बारा वर्षं दर पेरणीआधी मक्याचं बियाणं आणि बुरशीनाशकाची लाल पूड पोटात घेऊन मी गरागरा फिरलो. "या ड्रमच्या हाताला यश आहे," असं सासूबाई शेजारणीला सांगायच्या. मी फुगून जायचो.

मग सूनबाईंनी एक पाकीट आणलं. त्यात चक्क बुरशी होती! म्हणे, ही मुळांची मैत्रीण. मातीतलं अन्नपाणी मुळांपर्यंत पोचवते.

"जन्मभर जिला मारलं, तिलाच आता मानानं घरात घ्यायचं?" सासूबाई म्हणाल्या.

"एकच हंगाम द्या, आई. नाही जमलं तर पुन्हा शेतीत तोंड घालणार नाही."

"शब्द लक्षात ठेव गं."

मलाही त्या पाकिटाचा संशय होता. त्यामुळे सूनबाई मला न धुताच बियाणं ओतू लागल्या, तेव्हा मी मनातून खूश झालो. माझ्या तळाच्या खाचांत लाल पूड घट्ट बसलेली होती. बहुतेक बियाणं माझ्यात घोळलं गेलं. उरलेलं त्यांनी नव्या टबात हातानं चोळलं.

पेरणीनंतर महिन्याभरानं सगळं शेत नेहमीसारखंच दिसत होतं. बांधाकडच्या चार ओळी तेवढ्या गर्द हिरव्या, कमरेला लागलेल्या.

"हरले मी, आई," सूनबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते.

सासूबाई जिंकल्या होत्या, पण त्यांना ते पचेना. त्यांनी दोन्हीकडचं एकेक रोप उपटलं. एकाची मुळं विरळ, दुसऱ्याची दाट झुपकेदार.

"एकाच पाकिटाची दोन रूपं कशी? या चार ओळी कशातल्या?"

"टबातल्या."

सासूबाई तडक माझ्याकडे आल्या. पोटातून ओलं फडकं फिरवलं. ते लालभडक झालं.

"अगं, चोर घरातच बसलाय!"

सूनबाईंना पुढचा हंगाम मिळाला. मी गोठ्यामागे उपडा पडलो आहे. मित्रांनो, नव्या वस्तूवर संशय जरूर घ्या, पण आधी आपलं भांडं धुऊन घ्या. मला तेव्हा बोलता येत नव्हतं, हे खरं. पण आलं असतं, तरी मी गप्पच बसलो असतो. तेच आता खुपतं.